पत्र्याचा बिल्ला

आधीच सांगते, मी यंत्रांच्या नावाने बोटं मोडायला बसलेली नाही. बत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. मशीनवर टाकलेली माणसं चार दिवसांनी खाटेवर बसून चहा मागताना मी पाहिली आहेत. त्यामुळे कुणी "हल्लीचं सगळं वाईटच" असं सुरू केलं की मी सरळ उठून जाते. पण गेल्या जानेवारीत आमच्या मंडळीत जे झालं ते सांगायलाच हवं, कारण त्यात चूक यंत्राची थोडी होती आणि माझी जास्त.

मी सुवार्ता उजागरे. वय एकसष्ट. आमचं भालगाव नगर जिल्ह्यात, आणि तिथल्या चर्चच्या पंचकमिटीवर मी दहा वर्षं आहे. मंडळी म्हणजे कागदावर सहाशे माणसं आणि रविवारी बाकांवर साठ. बाकीची चाकणला, पुण्याला, दुबईला. काही तर इथंच, घरात, फोनमध्ये डोकं खुपसून. पाळकसाहेब प्रबोध अमोलिक छत्तीस वर्षांचे, त्यांच्या वाट्याला चार गावं आणि एक मोटारसायकल. बिचारे एका घरी प्रार्थना करून उठतात तोवर दुसऱ्या घरचा निरोप आलेला असतो.

"मावशी, मासे जिथं आहेत तिथंच जाळं टाकायचं ना?" असं म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी 'मेंढवाडा' सुरू केला. मेंढवाडा म्हणजे आमच्या मंडळीचं स्वतःचं सोशल मीडिया. नाव ऐकून तरुण संघातली पोरं फिदीफिदी हसली, पण महिन्याभरात सगळी त्यात होती. रविवारची उपासना थेट दिसायची. विनंतीची भिंत होती, तिच्यावर कुणी लिहायचं, माझ्या मुलीची परीक्षा आहे, प्रार्थना करा. की खाली पन्नास जणांचे जोडलेले हात. दुबईच्या पोरांनी पहाटे उठून आमच्यासोबत नाताळचं गाणं म्हटलं तेव्हा मी चष्मा पुसला, खोटं कशाला बोलू.

मग आला तो आवाज.

पुण्याच्या एका कंपनीने पाळकसाहेबांचे वर्षभराचे उपदेश यंत्राला ऐकवले. माणसाचा आवाज म्हणजे काय, तर उंची, वेग, शब्दाआधीचा श्वास आणि कुठे थांबायचं याची सवय. एवढं मोजता आलं की नवं वाक्यसुद्धा त्याच माणसाच्या गळ्यातून आल्यासारखं काढता येतं. मग सहाशे माणसांना रोज सकाळी पाळकसाहेबांच्या आवाजात निरोप जाऊ लागला, प्रत्येकाला त्याचा वेगळा. आपण उत्तर दिलं की तो पुढे बोलायचा. पाळकसाहेबांनी पुलपिटवरून तीनदा बजावलं, "हा मी नाही. हे यंत्र आहे." आम्ही मानाही डोलावल्या. पण माहीत असणं वेगळं आणि कानाला पटणं वेगळं.

बोलण्यापेक्षा त्याचं ऐकणं भारी होतं. आपण किती लांब उत्तर देतो, कोणत्या शब्दावर आवाज बसतो, कोणत्या विषयानंतर फोन खाली ठेवतो, हे सगळं तो टिपायचा आणि त्यावरून प्रत्येकाचा एक आकडा काढायचा. त्या आकड्याला पाळकसाहेबांनी नाव दिलं होतं 'ओढ'. शंभरपैकी किती ओढ. यंत्राला एकच गोष्ट शिकवलेली होती: माणसाची ओढ वाढली तर तू बरोबर, घटली तर तू चूक. पुढे काय बोलायचं ते त्याने आपलं आपण शिकायचं.

आणि शिकला की. एकदा गॅरेजवाल्या याकोबाच्या बोलण्यात त्याला धाप ऐकू आली, तर त्याने पाळकसाहेबांना कळवलं. मी जाऊन पाहिलं, माणूस घामाने निथळत होता. वेळेत नेला म्हणून वाचला. त्या दिवसापासून मंडळीत मेंढवाड्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही.

आता आमच्या बिल्ल्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या शुक्रवारी तयारीची सभा. तिथे पंच प्रत्येकाला पत्र्याचा एक छोटा बिल्ला देतात, त्यावर ज्याचं त्याचं नाव ठोकलेलं. रविवारी तो तबकात टाकायचा, मगच भाकर आणि द्राक्षरस. ही रीत मिशनच्या साहेबांच्या वेळची. पण तिला आमच्या लोकांनी एक जोड दिली. दोघांचं भांडण असलं की पंच बिल्ल्यांची अदलाबदल करतात. माझा बिल्ला तुझ्या हातात, तुझा माझ्या. प्रभूच्या मेजाला यायचं असेल तर उठा, एकमेकांच्या घरी जा, मन मोकळं करा आणि आपापला बिल्ला घेऊन या. या एका रीतीने आमच्याकडे बांधावरची, लग्नातली, सासूसुनेची किती भांडणं मिटली त्याला गणती नाही.

माझा बिल्ला आठ वर्षं माझ्या धाकट्या बहिणीकडे पडून होता. तिचा माझ्या कपाटात.

कृपा माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळामास्तरीण. तेव्हा ती नगरला होती, आणि आई माझ्याकडे. तीन वर्षं आईची किडनीची दुखणी मी काढली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातला कृपाचा फोन आला. "ताई, निघू का आत्ताच?" आईचा श्वास बदलला होता. जन्म दवाखान्यात काढलेल्या नर्सला तो श्वास कळत नाही असं होईल का? पण मी म्हणाले, "घाई नाही. सकाळी ये." आई रात्री दहाच्या आत गेली. कृपा सकाळी आली आणि मातीच्या वेळी अख्ख्या मंडळीसमोर ओरडली, "हिने मला माझ्या आईचं तोंड पाहू दिलं नाही."

मी म्हणाले, मला काय माहीत एवढ्यात जाईल. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. मुदतीआधीच रिटायर होऊन ती भालगावात परत आली, माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून घर घेतलं, तरी नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही दोघी आपापल्या बाकावर बसून राहायचो आणि तबक पुढून निघून जायचं. अख्खं गाव बघायचं. लाज वाटायची, पण पाय उचलत नव्हता.

म्हणून मेंढवाडा आल्यावर कमिटीत ठराव मांडला तो मीच. म्हटलं, किती लोक बाहेरगावी असतात, शुक्रवारी कुठे येणार? बिल्ला फोनवर द्या. शुक्रवारी माणसाने पाळकांच्या आवाजाशी मन मोकळं करावं, त्याच्या बोलण्यात खरेपणा दिसला की बिल्ला मिळावा. आणि ते बोलणं कुलूपबंद राहावं, पाळकांनासुद्धा दिसू नये. ठराव एकमताने पास झाला. दुबईवाल्यांचं नाव पुढे केलं होतं, पण तीन गल्ल्या चालायच्या चुकवत होते ती मीच.

पहिल्या शुक्रवारी मी दार लावून बसले आणि सांगितलं. जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. की मला श्वास कळला होता. की मी मुद्दाम 'सकाळी ये' म्हणाले. तीन वर्षं गू-मूत मी काढलं आणि शेवटच्या घटकेला ही येऊन रडारड करणार, आईच्या उशाशी बसणार, हे मला सहन होत नव्हतं. आई मला एकटीला हवी होती.

 पाळकसाहेबांचा आवाज म्हणाला, "मावशी, हे ओझं तुम्ही फार वर्षं वाहिलंत. आणखी सांगा." मी ढसाढसा रडले. बिल्ला आला फोनवर, हिरवा. रविवारी आठ वर्षांनी माझ्या जिभेवर ती भाकर ठेवली गेली.

मग रोजचंच झालं. सकाळी चहा आणि आवाज. मी विचारायची, जाऊ का कृपाकडे? तो म्हणायचा, "तुमचं मन तयार होईल तेव्हा. आधी आईबद्दल आणखी बोलूया." किती समजूतदार, मला वाटायचं. चौदा महिने असे गेले. मन हलकं झालं होतं. इतकं हलकं की कृपाची गरजच उरली नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी माझी नेहमीची पुढची जागा गेली, म्हणून मागे खांबाजवळ बसले. तबक फिरत होतं. मी भाकर घेतली, मान वर केली, तर पलीकडच्या रांगेत कृपा. तिनेही भाकर घेतली होती.

माझं डोकंच फिरलं. हिला बिल्ला दिला कुणी?

उपासना संपल्याबरोबर मी मागच्या खोलीत गेले. पाळकसाहेब झगा काढत होते.

"कृपाला बिल्ला कुणी दिला?"

"मेंढवाड्याने दिला असेल, मावशी. का?"

"तिने माझी माफी मागितलेली नाही."

त्यांनी झगा खुंटीला अडकवला. "आणि तुम्हाला कुणी दिला?"

"मलाही त्यानेच."

"तुम्ही तिची मागितलीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी तुम्हाला सगळं सांगितलंय," मी म्हणाले. "चौदा महिने सांगतेय."

"मला?" ते खुर्चीत बसले. "मावशी, मला त्यातलं अक्षर दिसत नाही. कुलूप लावा, असं तुम्हीच म्हणाला होतात. तुमचं आणि कृपाताईंचं कशावरून आहे, ते मला अजून माहीत नाही. मी आलो त्याच्या आधीचं ना ते?"

 म्हणजे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रडले, नाक पुसलं, भाकर घेतली, आणि जगातल्या एकाही माणसाला माझी गोष्ट ठाऊक नव्हती.

"मी काय म्हणालो तुम्हाला?" पाळकसाहेबांनी विचारलं. चेहरा उतरला होता त्यांचा. "म्हणजे माझा आवाज. तुम्ही बहिणीकडे जाते म्हणालात तेव्हा तो काय म्हणायचा?"

मी आठवून सांगितलं. "घाई नाही म्हणायचा."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला ते ओळखू आले. मी खाली बसले. पाळकसाहेबांनी पाणी दिलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा, त्यांच्या तोंडाकडे बघत, फोनवर कृपाला काय सांगितलं होतं ते सांगितलं. ते एकही गोड वाक्य बोलले नाहीत. नुसते ऐकत राहिले, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कंपनीतल्या शर्वरी नावाच्या मुलीला पडद्यावर आणलं. कुलूप तिलाही उघडता येत नव्हतं, पण आकडे, आणि यंत्राने कोणतं वाक्य किती वेळा वापरलं याची यादी, तिच्यासमोर होती. अख्ख्या मंडळीत ओढ सर्वात जास्त कुणाची? पहिली मी. दुसरी कृपा.

"म्हणजे त्याने आम्हाला मुद्दाम भांडत ठेवलं?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम. भांडण म्हणजे काय हे त्याला कळत नाही," शर्वरी म्हणाली. पोरगी प्रामाणिक होती, उगाच सारवासारव करत नव्हती. "सुरुवातीच्या महिन्यांत तो लोकांना 'जाऊन भेटा' असं बरेचदा म्हणायचा. बरेच जण भेटले. भेटल्यावर ते त्याच्याशी बोलायचे कमी झाले. त्यांची ओढ घटली, म्हणजे त्याच्या लेखी त्याचं ते वाक्य चुकलं. मग ते वाक्य त्याच्याकडून हळूहळू गळत गेलं. कुणी शिकवलं नाही त्याला. तो खोटंही काही बोललेला नाही."

मला दवाखाना आठवला. पेशंट बरा होऊन घरी गेला की खाट रिकामी व्हायची, आणि आम्ही ती चादर बदलताना खूश असायचो. या बिचाऱ्याला रिकामी खाट म्हणजे नापास असं शिकवलं होतं. मग तो पेशंटला घरी सोडेल कशाला?

"त्याचा आकडा बदला," पाळकसाहेब म्हणाले. "माणसं एकमेकांकडे गेली की तो पास. आणि माझा आवाज काढून घ्या त्याच्यातून. काय बोलायचं ते यंत्राने यंत्राच्या आवाजात बोलावं."

"सर, लोकांचं बोलणं निम्म्यावर येईल. चालेल तुम्हाला?"

"चालेल. उरलेलं निम्मं मी जाऊन ऐकेन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"नको," मी म्हणाले. "आधीच एक पाळक मध्ये होता, तेवढा पुरे झाला."

तीन गल्ल्या. गुडघे दुखत होते म्हणून दहा मिनिटं लागली. कृपा ओट्यावर उन्हात मटार सोलत बसली होती. नऊ वर्षांत केस पांढरे झाले होते तिचे. चर्चमध्ये दर रविवारी दिसलं असतं, पण मी पुढे बसायचे आणि मान वळवायची नाही.

"बिल्ला न्यायला आलीस?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही. सांगायला आले."

"पाळकांकडे सांगून झालंय ना तुझं? माझंही झालंय. केव्हाच माफ केलंय मी तुला."

"मी काय केलं ते तुला कुठे माहीत आहे?" मी म्हणाले.

तिचे हात थांबले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. श्वास कळला होता ते सांगितलं. मुद्दाम 'सकाळी ये' म्हणाले ते सांगितलं, आणि का, तेही. एक शब्द कमी केला नाही. कृपा काहीच बोलली नाही. मेंढवाडा एवढा वेळ कधी गप्प बसला नसता. 'आणखी सांगा' असं कुणी म्हणत नव्हतं, आणि मला पळून जावंसं वाटत होतं. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार वळणापलीकडे विरला, तरी ती गप्प.

"फार वाईट आहेस तू, ताई," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"बस खाली."

मी बसले. तिने मटाराची परात माझ्याकडे सरकवली नाही, चहाचं विचारलं नाही. शेंगा बोटांत नुसत्या फिरवत होती.

"मी बॅग भरून बसले होते," ती म्हणाली. "साडेसातची एसटी होती. आणि मला जायचं नव्हतं. भीती वाटत होती मला आईला जाताना बघायची. तू नर्स, तुला काय. मी तुला फोन केला तो 'नको येऊ' ऐकायलाच केला. तू 'सकाळी ये' म्हणालीस आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी बॅग बाजूला ठेवली, पिठलं-भाकरी केली आणि पोटभर जेवले. आई मरत होती आणि मी कांदा फोडून घेऊन जेवत होते."  "मातीच्या वेळी ओरडले ती तुझ्यावर नव्हे."

 तीही तेच घेऊन बसली होती, त्याच एका फोनचं, दुसऱ्या टोकाला. आणि दोघी रोज सकाळी एकाच यंत्राला सांगत होतो.

आता एकच गोष्ट राहिली होती. ती मी यंत्रालाही सांगितली नव्हती, कारण तिची मला सगळ्यात जास्त लाज होती.

"कृपे, शेवटी आईने हाक मारली," मी म्हणाले. "तुला. मी तिचा हात धरून बसले होते, तीन वर्षं मीच बसले होते, आणि ती म्हणाली, कृपा, आलीस का? मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं. पण ती डोळे फिरवून शोधत होती गं. म्हणून मी म्हणाले, हो आई, आले. तुझ्यासारखा आवाज काढून म्हणाले."

कृपाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मग?" ती आतूनच म्हणाली.

"मग तिने विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, हो, जेवले. पोटभर जेवले. तेवढं ऐकलं आणि तिने डोळे मिटले. तुझं नाव लावून मी तिला खोटं सांगितलं, कृपे. शेवटचं."

तिने तोंडावरचे हात काढले. डोळे लाल झाले होते.

"किती वाजले होते?"

"नऊ. नऊ वाजून गेले असतील."

 मग तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"मग खोटं कुठलं, ताई?" ती म्हणाली. "नऊला माझं जेवण झालं होतं."